३० महिन्यांची चीनची सफर आणि घराच्या दारात बुडालेलं 'गोथेबोर्ग'

शीडवाला

शिडाच्या जहाजांचा व्यापार म्हटलं की आपल्याकडे गाडी लगेच इंग्रज, डच, पोर्तुगीज यांच्यावर येऊन थांबते. स्वीडनची पण एक ईस्ट इंडिया कंपनी होती आणि ती चांगली ऐंशी वर्षं चालली हे फार थोड्यांना माहीत असतं. १७३१ साली तिला राजाची सनद मिळाली, अट अशी की जहाजं गोथेनबर्ग बंदरातूनच सुटणार, तिथेच परत येणार आणि आणलेल्या मालाचा लिलावही तिथेच होणार. त्या कंपनीच्या 'गोथेबोर्ग' नावाच्या जहाजाची तिसरी सफर हा या धाग्याचा विषय. आधी कधी ऐकली नसेल तर नीट वाचा, कारण मला तरी शिडाच्या काळातल्या व्यापाराचं अख्खं गणित या एका सफरीत दिसतं.

जहाज स्टॉकहोममध्ये बांधलेलं, १७३८ साली पाण्यात उतरवलेलं, तीन डोलकाठ्यांचं. दोन वेळा चीनला जाऊन व्यवस्थित परत आलेलं. १४ मार्च १७४३ ला तिसऱ्यांदा सुटलं. पोटात स्वीडनचा माल, म्हणजे लोखंड, लाकूड, डांबर असलं. आता चीनला लोखंड आणि डांबर विकायला कोण जाणार, तिकडे त्याला गिऱ्हाईक नाही. चीनच्या व्यापाऱ्याला पाहिजे चांदी, रोकडा. म्हणून ही सगळी जहाजं आधी स्पेनच्या कादिझ बंदरात जायची, तिथे माल विकून स्पॅनिश चांदीची नाणी घ्यायची, एकेक नाणं साधारण २७ ग्रॅमचं, मेक्सिको आणि पेरूकडच्या खाणीतून आलेली चांदी. त्या खाणींत स्थानिक लोकांना जबरदस्तीने राबवलं जायचं हेही लक्षात ठेवायला पाहिजे, कारण लंडनच्या कपातल्या चहाची सुरुवात तिथून होते. हीच चांदी दुसऱ्या वाटेने आपल्या सुरतेलाही यायची आणि टांकसाळीत जाऊन रुपये व्हायची.

कादिझहून मग अटलांटिकमध्ये खाली, आफ्रिकेच्या टोकाला वळसा, दक्षिणेच्या जोरदार पश्चिमी वाऱ्यांवर स्वार होऊन पूर्वेला, मग जावा, सुंदाची सामुद्रधुनी, आणि तिथून नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यावर वर चीनकडे. हे सगळं वेळेत जमलं तर जाऊन येऊन दीड वर्षाचा मामला. गोथेबोर्गला मात्र वेळ साधली नाही, वारा निघून गेला आणि पुढचा वारा येईपर्यंत जावाला थांबावं लागलं. कँटनला (चीनचं बंदर, आजचं ग्वांगझू) पोचायलाच दीड वर्ष गेलं. तिथे माल भरून १७४५ च्या सुरुवातीला निघालं ते १२ सप्टेंबरला गोथेनबर्गच्या समोर हजर. ३० महिने झालेले. बंदर दिसतंय, किल्ला दिसतोय, वाटाड्या पायलट जहाजावर चढलेला आहे आणि हे जहाज किनाऱ्यापासून जेमतेम ९०० मीटरवर हुन्नेबोदन नावाच्या खडकावर जाऊन आदळलं आणि बसलं ते बसलंच.

माणसं सगळी वाचली. जहाजात साधारण ७०० टन माल, त्यात साडेतीनशे टनांच्या वर नुसता चहा, शंभर टनांच्या आसपास चिनी मातीची भांडी म्हणजे काही लाख नग, शिवाय रेशीम, मसाले, जस्त. त्यातला सुमारे ३० टन चहा, रेशमाचे ८० तागे आणि बरीचशी भांडी आणि मसाले तेवढे बाहेर काढता आले. चहा बहुतेक सगळा गेला. आणि एवढं होऊनसुद्धा, जो वाचला त्या मालाचा लिलाव करून, सगळा खर्च वजा करून भागीदारांना साडेचौदा टक्के नफा झाला.

माझा मुद्दा हाच आहे. जहाज बुडूनही नफा होतो म्हणजे मूळ धंद्यात मार्जिन किती असेल! आणि तो नफा ज्यांच्या जिवावर झाला त्यांना त्यातलं काय मिळालं? चर्चा करूया.

मालवणचो पोरगो

जबरदस्त धागा. माझा प्रश्न अगदी साधा आहे. जहाज खडकावर बसलं ना, मग भरती आल्यावर सुटायला पाहिजे होतं. आमच्याकडे होडी ओहोटीला वाळूवर किंवा खडकात अडकली तर तांडेल शांतपणे बसून राहतो, पाणी चढलं की आपोआप उचलते. एवढी माणसं होती जहाजावर, वजन कमी करून सहा तास थांबता आलं नसतं का?

गोथेनबर्गकर

मी गेली काही वर्षं इथेच राहतो म्हणून याचं उत्तर देतो. इथे भरती-ओहोटी जवळपास नसतेच. म्हणजे असते, पण वीत-दीड वीत फरक, कोकणासारखं दोन-तीन मीटर पाणी चढत नाही. वाऱ्याने पाणी वरखाली होतं तेवढंच. त्यामुळे एकदा रुतलेलं जहाज उचलायला समुद्र मदतीला येत नाही. आणि ते नुसतं रुतलं नव्हतं, खडक तळात घुसला होता, पाणी आत यायला लागलं. ७०० टन माल पोटात असताना हलवणार कसं!

ती जागा बोटीतून जाताना बघितली आहे. नदीच्या मुखाशी एका बेटावर न्यू एल्व्सबोर्गचा किल्ला आहे, अजून उभा आहे, उन्हाळ्यात शहरातून बोट जाते तिथे. त्याच्या जवळपासच हा खडक. आजूबाजूला सगळीकडे असे गुळगुळीत ग्रॅनाईटचे खडक पाण्याबाहेर डोकावत असतात, पण जे डोकावत नाहीत तेच घात करतात. हा खडक त्या वेळी सगळ्यांना माहीत होता, ही गोष्ट मात्र चक्रावून टाकते.

चहाबाज

शीडवाला, छान लिहिलंय. पण एक सांगा, स्वीडनमध्ये तर सगळे कॉफी पिणारे ना? साडेतीनशे टन चहा पिणार कोण तिकडे? देशाची लोकसंख्या तरी किती होती.

शीडवाला

@चहाबाज, तोच तर या धंद्यातला सगळ्यात मोठा भाग. स्वीडनमध्ये आलेला बहुतेक चहा स्वीडनमध्ये राहायचाच नाही. गोथेनबर्गला लिलाव झाला की हॉलंड, जर्मनीकडचे व्यापारी उचलायचे आणि तिथून त्यातला मोठा हिस्सा चोरून ब्रिटनमध्ये जायचा. कारण ब्रिटनमध्ये चहावर कर भयंकर होता, आणि इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीची चहाची मक्तेदारी, त्यामुळे कायदेशीर चहा सामान्य माणसाला परवडायचा नाही. स्कॉटलंड आणि इंग्लंडच्या किनाऱ्यावर रात्री छोट्या बोटींतून चहाची पोती उतरायची. गावंच्या गावं त्यात सामील असायची.

मग १७८४ साली ब्रिटिश पार्लमेंटने कर ११९ टक्क्यांवरून थेट साडेबारा टक्क्यांवर आणला. चोरटा चहा स्वस्त राहिलाच नाही. स्वीडिश कंपनीचा कणा तिथेच मोडला, नंतर ती रखडत चालली आणि १८१३ साली कारभार आटोपला. म्हणजे ज्या कंपनीचं अख्खं दुकान शेजारच्या देशाच्या करावर उभं होतं, ते त्या देशाने कर कमी केल्याबरोबर बसलं.

जुना खलाशी

मर्चंट नेव्हीत आयुष्य गेलं, आता घरी असतो. हा धागा वाचून बसवेना म्हणून टायपायला घेतलं, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

पहिली गोष्ट पायलटची. पायलट चढला म्हणून कॅप्टन मोकळा होत नाही, तेव्हाही नाही आणि आजही नाही. पायलटला त्या बंदराचं पाणी माहीत असतं, पण जहाज कसं वळतं, किती उशिरा वळतं, पोट किती खाली आहे हे जहाजावरच्या माणसालाच माहीत असतं. आणि गोथेबोर्ग जाताना जसं होतं तसं येताना नव्हतं. मालाने गच्च भरलेलं, तळाला अडीच वर्षांचं शेवाळ आणि शंख-शिंपले चिकटलेले, शिडं आणि दोर झिजलेले. असलं जहाज सुकाणूला लगेच ऐकत नाही. त्यात नदीच्या मुखाशी वारा पडला किंवा एकदम फिरला तर शिडाच्या जहाजाला काहीच करता येत नाही हो, आमच्यासारखं इंजिन फुल अस्टर्न म्हणजे पूर्ण जोराने उलटं मारायची सोय नाही. प्रवाह नेईल तिकडे जायचं. नदीचं गोडं पाणी वरून समुद्राकडे वाहत असतं आणि खाली खारं पाणी, ही भानगड मुखाशी नेहमीच त्रास देते.

दुसरी गोष्ट म्हणजे त्या लोकांना आपण कुठे आहोत हेच नक्की कळायचं नाही. अक्षांश सूर्यावरून काढता यायचा. पण रेखांश काढायचं घड्याळ १७४३ ला कोणाकडे नव्हतं, हॅरिसन या इंग्रज घड्याळजीचं समुद्रावर चालणारं घड्याळ खऱ्या अर्थाने सिद्ध झालं १७६० च्या दशकात. मग काय करायचे, तर वेग मोजायचा, दिशा बघायची आणि नकाशावर अंदाजाने रेघ ओढायची. वेग कसा मोजायचे ते सांगतो. लाकडाची एक त्रिकोणी फळी, तिच्या एका कडेला शिसं भरलेलं म्हणजे पाण्यात ती उभी राहते आणि जागची हलत नाही. तिला लांब दोरी, दोरीला ठराविक अंतरावर गाठी. एक जण दोरीचं रीळ दोन्ही हातांनी वर धरून उभा, दुसरा जहाजाच्या मागून फळी पाण्यात सोडतो, सुरुवातीची थोडी दोरी जाऊ देतो म्हणजे फळी जहाजाच्या मागच्या खळबळीतून बाहेर पडते, मग खूण हातातून गेली की ओरडतो आणि तिसरा वाळूचं घड्याळ उलटं करतो. अर्ध्या मिनिटाची वाळू. वाळू संपली की तो ओरडतो, दुसरा दोरी घट्ट धरतो, जेवढ्या गाठी गेल्या तेवढा वेग. मग तिघं मिळून ओली दोरी परत ओढून घेतात. हे दिवसरात्र, पावसात, थंडीत, महिनोन्‌महिने. वाळू ओलसर झाली की हळू पडते, दोरी भिजली की आखडते, सगळ्या चुका साठत जातात. आणि असल्या आकड्यांवर दक्षिणेच्या समुद्रात हजारो मैल जायचं आणि बरोबर सुंदाच्या सामुद्रधुनीच्या तोंडाशी निघायचं. मला त्यांच्यापुढे हात जोडावेसे वाटतात.

रेवदंडा_एक्स्प्रेस

जुना खलाशी काका, तुमचा प्रतिसाद म्हणजे खजिना आहे. अजून लिहा प्लीज.

अनघा_पुणे

मला माणसांबद्दल जाणून घ्यायचंय. अडीच वर्षं एका जहाजावर किती माणसं, खायचे काय, आजारी पडले तर काय?

शीडवाला

@अनघा, अशा जहाजावर सव्वाशे-दीडशे माणसं असायची. जागा म्हणाल तर तोफांच्या मजल्यावर, तोफांच्या मधे, झोळ्या टांगून. खालच्या मजल्यांवर माल, माणसं नंतर. वर कोंबड्या, डुकरं, मेंढ्या असे जिवंत प्राणी, ते सुरुवातीच्या काही आठवड्यांत संपायचे. मग खारवलेलं मांस, सुकी मासळी, वाटाणे, भरड आणि दगडासारखी बिस्किटं. पाणी लाकडी पिंपांत, उष्ण प्रदेशात गेल्यावर त्याला वास यायचा, चिकट व्हायचं.

सर्वात मोठा शत्रू स्कर्व्ही. ताजी फळं-भाजी नाही, दोन-अडीच महिने झाले की हिरड्या सुजणार, दात हलणार, जुन्या भरलेल्या जखमा परत उघडणार, माणूस उठू शकत नाही. कारण कोणालाच माहीत नाही. जेम्स लिंड या डॉक्टरने 'सॅलिसबरी' जहाजावर बारा आजारी खलाशांवर वेगवेगळे उपाय करून बघितले आणि संत्री-लिंबूवाले दोघं सगळ्यात आधी बरे झाले, ते साल १७४७. म्हणजे गोथेबोर्ग बुडाल्यावर दोन वर्षांनी. आणि ते कळूनही ब्रिटिश नौदलाने लिंबाचा रस सगळीकडे सुरू करायला १७९५ उजाडलं. मधल्या काळात किती माणसं गेली असतील याचा विचार करवत नाही.

स्वीडिश कंपनीच्या सफरींत साधारण दहातला एक माणूस परत यायचा नाही, कधी त्याहून जास्त. स्कर्व्ही, जावातला ताप, जुलाब, डोलकाठीवरून पडणं. म्हणून १२ सप्टेंबरला 'सगळे वाचले' म्हणतो तेव्हा ते फक्त त्या दिवसापुरतं. तोपर्यंत वाटेत किती जणांना शिडाच्या कापडात शिवून समुद्रात सोडलं असेल ते या वाक्यात येत नाही. माझा राग याच्यावर आहे. साडेचौदा टक्के हा आकडा सगळीकडे कौतुकाने सांगितला जातो आणि हा दुसरा हिशोब त्याच्या शेजारी कोणी लिहीत नाही.

अर्थशास्त्री_ठाणे

चांगला मुद्दा, पण दुसरी बाजूही बघू. खलाशी लोक या सफरींसाठी स्वतःहून यायचे. पगार होताच, शिवाय प्रत्येकाला स्वतःचा थोडा माल आणायची मुभा असायची. खलाशाला छोटी पेटी, अधिकाऱ्याला बरीच जास्त जागा. ती पेटी चहा, भांडी, कापड यांनी भरून आणली आणि विकली तर घरी बरीच रक्कम यायची. त्या काळच्या स्वीडनमधल्या शेतमजुराला ही संधी दुसरीकडे कुठेच नव्हती. त्यामुळे एकदम शोषण म्हणून निकाली काढता येणार नाही.

आता खरे पैसे कमावणारे कोण? जहाजावर कॅप्टनच्या बरोबरीने, व्यापारात तर त्याच्याही वर, सुपरकार्गो नावाचे लोक असायचे. चांदी त्यांच्या ताब्यात, काय घ्यायचं, कोणाकडून घ्यायचं, किती भावाने घ्यायचं हे तेच ठरवणार. यांना विक्रीवर कमिशन मिळायचं. कंपनीचा एक संस्थापक कॉलिन कँबेल हा स्कॉटलंडचा माणूस, पहिल्या सफरीवर तोच मुख्य सुपरकार्गो होता. इंग्लंड, स्कॉटलंडमधले कितीतरी जण या कंपनीत होते कारण त्यांच्या देशात मक्तेदारीमुळे त्यांना हा व्यापार करायला बंदी होती. त्यांची नावं बाहेर पडू नयेत म्हणून सुरुवातीच्या काळात एकेका सफरीचे हिशोब तपासून झाले की वह्या चक्क जाळून टाकायचे. म्हणून आज त्या काळातल्या सफरींचा हिशोब लिलावाच्या याद्या आणि इकडच्यातिकडच्या कागदांवरून जुळवावा लागतो. कुठलाही गुंतवणूकदार बघा, नफा हवा पण नाव नको.

शीडवाला

@अर्थशास्त्री, पेटीचा मुद्दा मान्य, तो महत्त्वाचाच आहे. पण ज्याची पेटी त्या खडकावर बुडाली त्याचं काय? भागीदारांच्या मालासाठी पाणबुडे लावले गेले. खलाशाची पेटी पाण्याखालून कोण काढून देणार? स्वतःहून आले म्हणजे सगळं आलबेल असं मला पटत नाही. घरी भाकरी नसली की माणूस स्वतःहूनच जातो.

चहाबाज

कँटनमध्ये नेमकं काय चालायचं ते कोणी लिहा ना. आणि चहा इतके महिने जहाजात टिकायचा कसा? माझ्या घरी डबा नीट लावला नाही तर आठवड्यात मऊ पडतो.

शीडवाला

कँटनवर लिहायला लागलो तर थांबणार नाही, पण थोडं लिहितो.

आधी मकाव. तिथून चिनी वाटाड्या घ्यायचा आणि पर्ल नदीत शिरायचं. मोठी जहाजं व्हाम्पोआला नांगर टाकायची, त्याच्यापुढे कँटन शहरापर्यंत लहान बोटींनीच. मग होप्पो, म्हणजे बादशहाचा जकात अधिकारी, लवाजम्यासकट यायचा आणि जहाजाची लांबी-रुंदी दोरीने मोजायचा, त्यावर कर. शिवाय 'नजराणा' म्हणून १,९५० ताएल (चांदी तोलायचं चिनी माप) चांदी वेगळी, जहाज केवढंही असो. युरोपियन लोकांना शहराच्या तटबंदीच्या आत प्रवेश नाही. नदीकाठी भाड्याच्या वखारी, तिथेच राहायचं, बायका आणायच्या नाहीत. व्यवहार फक्त परवाना असलेल्या हाँग व्यापाऱ्यांशी. बोलायला दुभाषे नेमलेले, किराणा-भाजी-मांस पुरवायला कंप्राडोर नेमलेला. तिथे नियम चीनचे आणि हे लोक गुपचूप पाळायचे.

आणि आता माल भरायचं काम. हे मला सगळ्यात आवडतं. जहाजाच्या अगदी तळाला नेहमी थोडं घाण पाणी साचलेलं असतं. म्हणून तिथे काय ठेवायचं, तर ज्याचं पाण्याने काही बिघडत नाही ते. जस्ताच्या लाद्या आणि चिनी मातीच्या भांड्यांच्या पेट्या. एकात एक बश्या, वाट्या घट्ट रचून मधे भुसा किंवा साबुदाणा असलं काहीतरी भरायचं. याने दोन कामं होतात, जहाजाला खाली वजन मिळतं आणि ते वादळात उलटत नाही, आणि वर कोरडा मजला तयार होतो. त्या मजल्यावर चहा. चहाच्या लाकडी पेट्यांना आतून शिशाच्या पत्र्याचं अस्तर, त्यामुळे दमट हवा आत जात नाही, @चहाबाज हेच तुमचं उत्तर. स्वस्तातला बोही चहा पेटीत भरताना मजूर अनवाणी पायांनी तुडवून दाबायचे म्हणजे जास्त मावतो. हाच बोही सगळ्यात जास्त जायचा, बारीक उंची चहा थोडाच. रेशीम सगळ्यात वर, सगळ्यात कोरड्या जागी. एक पेटी जरी सैल राहिली तरी समुद्रात हलणार, म्हणून फटी वेताने, काठ्यांनी ठोकून भरायच्या. महिनोन्‌महिने हेच काम. गोथेबोर्गच्या अवशेषांत पाण्याखाली भांडी मिळाली ती ही अशी तळाला रचलेली होती म्हणूनच.

गोथेनबर्गकर

भांड्यांचं निघालंच आहे तर. बुडाल्यावर लगेच जे काढता आलं ते काढलं, मग १९०६-०७ च्या सुमारास पुन्हा काही हजार नग काढले. त्यानंतर लोक विसरलेच. १९८४ मध्ये हौशी पाणबुड्यांना अवशेष परत सापडले आणि १९८६ पासून काही वर्षं पद्धतशीर उत्खनन झालं. फुटक्या तुकड्यांचंच वजन कित्येक टन भरलं. अख्खे नग काही शेच. गाळात अडकलेला चहासुद्धा मिळाला.

शहरात कंपनीची जुनी इमारत आहे, पिवळ्या विटांची, कालव्याच्या काठावर, आता तिथे शहराचं म्युझियम आहे. तिथे ही भांडी ठेवली आहेत. निळ्या रंगाची नक्षी तशीच्या तशी, तपकिरी बाहेरच्या बाजूच्या बश्या, काहींची झिलई समुद्राने खाल्लेली. एका काचेच्या पेटीत एकाला एक चिकटलेल्या वाट्यांचा गठ्ठा आहे, मधे शिंपले वाढलेले. मी आईला घेऊन गेलो होतो, ती त्या गठ्ठ्यासमोर बराच वेळ उभी होती.

मालवणचो पोरगो

भरतीचं उत्तर पटलं. आता वारा चुकला त्यावर बोलतो. हे कोकणातल्या माणसाला वेगळं समजवावं लागत नाही. आमच्याकडे पावसाळा लागायच्या आत होड्या वर ओढायच्या, नारळी पौर्णिमेला नारळ सोडला की परत समुद्र उघडतो. पूर्वी आखातात आणि एडनकडे जाणारी गलबतंसुद्धा याच हिशोबाने जायची, एका वाऱ्याने जायचं, दुसऱ्या वाऱ्याने यायचं. आठ दिवस उशीर म्हणजे आठ दिवसांचं नुकसान नसतं, वर्षाचं असतं. जावाला बसून राहिलेल्या त्या लोकांची काय अवस्था झाली असेल ते कळतं. खर्च चालू, माणसं आजारी, आणि समुद्र समोर मोकळा.

अर्थशास्त्री_ठाणे

अगदी. आणि बटाव्हिया, म्हणजे जावावरचं डचांचं बंदर, आजचं जकार्ता, त्या काळात तापासाठी कुप्रसिद्ध होतं, कालव्यांचं साचलेलं पाणी, डास. थांबून राहणं हे प्रवासापेक्षा जास्त धोक्याचं.

अनघा_पुणे

हे लोक भारतात का नाही आले? चीनपेक्षा भारत जवळ आणि कापड तर जगात नावाजलेलं.

शीडवाला

@अनघा, आले होते आणि मार खाऊन गेले. १७३३ साली कंपनीच्या दुसऱ्याच जहाजाने, 'द्रोत्निंग उल्रिका एलिओनोरा' त्याचं नाव, तामिळनाडूच्या किनाऱ्यावर पोर्तो नोव्होला म्हणजे आताच्या परंगीपेट्टईला वखार उघडली. इंग्रज आणि फ्रेंच एरवी एकमेकांचं तोंड बघत नव्हते, पण तिसरा हिस्सेकरी आला म्हटल्यावर दोघांनी मिळून वखारीवर हल्ला केला, माल जप्त केला. स्वीडन पुढे कित्येक वर्षं भरपाई मागत राहिलं. त्यानंतर कंपनीने चीनवरच सगळा भर दिला, कारण कँटनमध्ये यजमान बलवान होता, तिथे कोणा युरोपियनला दुसऱ्या युरोपियनची वखार लुटायची हिंमत नव्हती.

तरी अधूनमधून आपल्या बाजूला यायचे. १७५०-५२ च्या सफरीत 'योथा लेयॉन' म्हणजे गॉथचा सिंह नावाचं जहाज सुरतेला आलं होतं. त्याच्यावर पाद्री म्हणून ओलोफ तोरेन होता, लिनियस या मोठ्या वनस्पतीशास्त्रज्ञाचा विद्यार्थी, आणि त्याने सुरतेबद्दल पत्रांतून लिहून ठेवलंय. लिनियसने आपले बरेच विद्यार्थी या जहाजांवर पाद्री म्हणून चढवले, म्हणजे प्रवास फुकट आणि वाटेत झाडं-पानं गोळा. १७६३ मध्ये एकेबर्ग या कॅप्टनने जिवंत चहाची रोपं स्वीडनपर्यंत आणली, कारण लिनियसचं स्वप्न होतं की चहा आपल्याच देशात पिकवू आणि चांदी बाहेर जाऊ देणार नाही. थंडीने तो बेत पार पडू दिला नाही. पण एवढ्या लांबून खाऱ्या वाऱ्यातून रोप जिवंत आणणं हेही काही कमी नाही.

रेवदंडा_एक्स्प्रेस

मला एक विचारायचंय, मुद्दाम बुडवलं असण्याची शक्यता? विमा वगैरे? पायलट जहाजावर, खडक माहीत, हवा काही वादळी नव्हती.

जुना खलाशी

हा संशय अडीचशे वर्षं लोक घेतायत. माझं मत विचाराल तर नाही. मुद्दाम बुडवायचं तर ३० महिने जीव धोक्यात घालून माल घरापर्यंत कशाला आणायचा, वाटेत हजार जागा होत्या. आणि बंदरात सगळ्यांच्या डोळ्यांदेखत कोण बुडवतं? जहाजावरच्या प्रत्येकाची स्वतःची पेटी त्यात होती हेही विसरू नका.

मी बंदरात शिरताना जहाजांवर काय होतं ते बघितलंय. घर दिसायला लागलं की माणसं कामावर असतात पण मन कामावर नसतं. कोण बॅग भरतोय, कोण दाढी करतोय, कोण रेलिंगला उभा राहून कोण न्यायला आलंय ते शोधतोय. चांगला कॅप्टन त्या दोन तासांत सगळ्यात जास्त ओरडतो. आम्हा लोकांना तर फोन असायचा, सहा-आठ महिन्यांचं काँट्रॅक्ट असायचं. ह्यांना ३० महिन्यांत घरची खबर नाही. आई-बाप जिवंत आहेत की नाही माहीत नाही. अशा वेळी वारा थोडा मंदावला, जहाज थोडं बाजूला सरकलं आणि कोणाच्या ते अर्धा मिनिट उशिरा लक्षात आलं, एवढं पुरतं. यात कट शोधायची गरज मला वाटत नाही.

अनघा_पुणे

काका, हे वाचून अंगावर काटा आला.

गोथेनबर्गकर

याच्या पुढची गोष्ट पण सांगतो. इथल्या लोकांनी हे जहाज परत बांधलं. जुन्या पद्धतीने, ओकचं लाकूड, ताग-अंबाडीचे दोर, हाताने शिवलेली शिडं. १९९५ ला कणा घातला, २००३ ला पाण्यात उतरवलं. मुख्य डोलकाठी ४७ मीटर उंच, शिडांचं क्षेत्रफळ दोन हजार चौरस मीटरला थोडंच कमी. इंजिन आहे, आजच्या नियमांप्रमाणे ते लागतंच, पण दोर ओढायचं सगळं काम माणसांनीच. २००५ च्या ऑक्टोबरमध्ये चीनला निघालं, २००६ मध्ये कँटनला म्हणजे आजच्या ग्वांगझूला पोचलं आणि २००७ च्या जूनमध्ये परत गोथेनबर्गला आलं, त्याच मुखातून, त्या खडकाला बगल देऊन. बंदरात प्रचंड गर्दी होती म्हणतात.

आणि २०२३ च्या एप्रिलमधली बातमी शोधून बघा. फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्याजवळ एका छोट्या शिडाच्या होडीचं सुकाणू तुटलं, त्यांनी रेडिओवर मदत मागितली, आणि जवळ कोण होतं तर हे! त्यांनी कळवलं की आम्ही ५० मीटर लांबीचं तीन डोलकाठ्यांचं शिडाचं जहाज आहोत, तुम्हाला ओढून नेतो. होडीवाल्यांचा आधी विश्वासच बसेना.

मालवणचो पोरगो

हे भारी आहे! इथे येईल का कधी?

गोथेनबर्गकर

सफरीला हौशी माणसांनाही घेतात, काम करायची तयारी हवी. पहारे लावून मिळतात, रात्री दोनला उठून सुकाणूवर उभं राहायला लागतं. उंचीची भीती नसेल तर डोलकाठीवर चढून शीड गुंडाळायला मिळतं. इथे उन्हाळ्यात बंदरात असलं तर आत जाऊन बघता येतं. कोणी या बाजूला आलंच तर सांगा, मी घेऊन जाईन.

जुना खलाशी

वय झालं, पण चढायला देणार असतील तर मी येतो. गुडघे सोडले तर बाकी सगळं ठणठणीत आहे.

शीडवाला

काका, तुम्ही जाणार असाल तर मी पण आलोच. सुरतेच्या पत्रांवर मी वेगळा धागा काढतो, तोरेनने बाजाराबद्दल आणि लोकांबद्दल बरंच लिहिलंय, ते इथे मावणार नाही. आणि अर्थशास्त्री, तुम्ही कमिशनबद्दल जे लिहिलंत त्यात सुपरकार्गो आणि खलाशी यांच्या कमाईची तुलना टाकता आली तर जरूर टाका, मला तोच हिशोब पूर्ण करायचाय.